नळाचे दोन्ही कान

शनिवारी दुपारी मोठी लेक आईच्या घरी पोचली तेव्हा तिच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. सकाळपासून ती इस्पितळाच्या लाँड्रीत उभी होती. यंत्रातून निघालेल्या ओल्या चादरींचे पिळे सोडवायचे, झटकायचे, वाळल्या की दोघींनी दोन टोकं धरून घड्या घालायच्या, हे तिचं काम. बसायला तिथे एक स्टूल आहे, पण त्यावर कायम उशांच्या अभ्र्यांचा ढीग असतो. घरी जाऊन आडवं व्हावं एवढीच तिची इच्छा होती. पण तिच्या घराची वाट आईच्या दारावरून जात होती, आणि लग्न झाल्यापासून एकदाही ते दार टाळून तिला पुढे जाता आलं नव्हतं.

जिने चढून तिने किल्लीने दार उघडलं आणि सवयीने आधी स्वयंपाकघराकडे कान दिला. टप, टप, टप. नळ गळत होता. म्हणजे नवं काही घडलेलं नव्हतं.

आई पलंगावर बसून साडीच्या घड्या घालत होती. शेजारी बॅग उघडी होती. उद्या रविवारी धाकटा भाऊ गाडी घेऊन येणार होता आणि आई कायमची वृद्धनिवासात जाणार होती. जागा चांगली होती. खिडकीजवळची खाट मिळाली होती, बाहेर झाडं होती, जेवण वेळेवर होतं, आणि नळ दुसरंच कुणीतरी बंद करणार होतं. भावाबहिणींनी दोघांनी जाऊन ती जागा पाहिली होती आणि परतताना गाडीत दोघंही एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलत होती.

आईनेही फार आढेवेढे घेतले नव्हते. फक्त एकच गोष्ट ती चार दिवस धरून बसली होती. जाताना घरातला नळ गळता ठेवून जायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला आपल्यापायी खूप त्रास झाला, आता निदान मागे त्रास ठेवायला नको. मोठीने प्लंबरला तीन फोन केले होते. पहिल्यांदा तो येतो म्हणाला, दुसऱ्यांदा निघालो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा त्याने फोन उचललाच नाही.

तेव्हा मोठीने पर्स खाली टाकली, चप्पल काढली आणि माळ्यावरून वडिलांची हत्यारांची पेटी काढली. आपणच करू, काय व्हायचं ते होऊ दे.

या नळाची कहाणी सांगायला हवी, कारण सगळं गाडं तिथेच अडलं होतं. वडील होते तेव्हापासून त्या घरात एक दंडक होता. नळाच्या दोन मुठींना वडील कान म्हणायचे, आणि तुम्ही गार पाणी घ्या की गरम, ओट्यापासून हलण्याआधी दोन्ही कान बंद करायचे. एकच वापरला असला तरी दोन्हींना हात लावायचा. मुलांना याची इतकी सवय होती की परक्या घरातही ती दोन्ही मुठी चाचपून यायची आणि लोकांना वाटायचं, ही पोरं कसला तरी संशय घेतायत. पुढे आईच्या बोटांत जोर राहिला नाही, गोल मुठी पिळवेनात, म्हणून धाकट्याने दांड्यांचा नवा नळ बसवून घेतला. दोन्ही दांड्या मागे ढकलल्या की बंद, पुढे ओढल्या की चालू. आईला ते एका दिवसात जमलं.

मग कधीतरी डाव्या, गरम पाण्याच्या बाजूचा स्पिंडल गेला. स्पिंडल म्हणजे दांडीच्या पोटात बसणारा पितळी तुकडा. खरा नळ तोच असतो, बाकी सगळी चकाकी. धाकट्याने उजव्या बाजूचा काढून दुकानात दाखवला, अगदी तस्साच दुसरा आणला आणि स्वतःच्या हाताने बसवला. तो इतका खूश झाला की चहा दोनदा मागून प्यायला. फक्त डावी दांडी आता उलटी चालायला लागली होती. मागे ढकलली की चालू, पुढे ओढली की बंद. त्याने डोकं खाजवलं, पुन्हा काढून पुन्हा बसवला, आणि शेवटी जाहीर केलं की डावा कान आता असाच चालेल, एवढं लक्षात ठेवायचं, झालं.

आणि त्या घराची रीतच तशी होती. मोडलेली वस्तू दुरुस्त करण्यापेक्षा तिची खोड पाठ करण्याकडे सगळ्यांचा कल. कपाट उघडायला गुडघा लावावा लागे. न्हाणीघराचं दार उचलून लावायचं असे. एका खुर्चीत डावीकडे रेलायचं नाही हे पाहुण्यांनाही दारातच सांगितलं जाई. त्यात आणखी एका दांडीची भर पडली तर कुणाला काय वाटणार? धाकट्याने खोड पाठ केली, मोठीने पाठ केली, कधीमधी येणाऱ्या जावयानेसुद्धा केली. आईला तेवढी जमेना.

आईच्या डोळ्यांना समोरचं धूसर दिसायचं, कडेचं बरं दिसायचं, आणि ऐकण्याचं यंत्र ती घरात लावत नसे, डोक्यात शिट्ट्या वाजतात म्हणून. उजवा कान उघडून हात धुवायचे आणि दोन्ही कान मागे ढकलायचे, हे तिच्या हातांचं काम होतं, त्यात डोळ्यांना आणि कानांना ती कधी विचारतच नसे. डाव्या बाजूची नळी क्षारांनी भरलेली, त्यामुळे सुतासारखी बारीक धार यायची आणि सिंकच्या भिंतीवरून बिनआवाज उतरायची. दिवसभर उतरायची. इमारतीची गच्चीवरची टाकी एकच होती, तीही लहान, दिवसातून दोनदा भरणारी. दुपारपर्यंत ती रिकामी झाली की खालची शिवणकामवाली वर येऊन दार वाजवायची. पहिल्यांदा ती हसून बोलली. मग हसणं गेलं, आणि मग बोलणंही गेलं.

मोठीने आईला समजावलं. मग रागावली. मग डाव्या दांडीला लाल दोरा बांधला. धाकट्याने फोनवरून रोज आठवण करायचं ठरवलं, आणि केलीही, दोन आठवडे. आई प्रत्येक वेळी मान डोलवायची आणि संध्याकाळी मोठी आली की धार चालूच. शेवटी धाकटा म्हणाला, ताई, हे आता वयाचं आहे, उद्या गॅस उघडा ठेवेल. मोठीने विरोध केला नाही. चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता, वार विसरत होती, हे सगळं तिने स्वतःहूनच भावाला सांगितलं. आणि ते सांगताना आपण पुरावे गोळा करतोय हे तिला कळत होतं.

आता ती सिंकखाली वाकली आणि खालचा कॉक पिळू लागली. तो जागचा हलेना. जुन्या टॉवेलने धरून, दात-ओठ खाऊन पिळला तेव्हा तो कुरकुरत बंद झाला. मग तिने सिंकच्या जाळीवर फडकं टाकलं, स्क्रू आत पडू नये म्हणून. वडिलांची ही एक गोष्ट तिला आठवत होती. दांडीवरची छोटी टोपी सुरीच्या टोकाने उचकटली, आतला स्क्रू काढला, दांडी हातात आली.

तेवढ्यात आई बॅटरी घेऊन आली. काही न विचारता तिने प्रकाश नळावर धरला. मान किंचित वळवून, डोळ्यांच्या कडेने बघत. हात जराही हलत नव्हता.

मोठीने पान्याने नट सोडवला. बोटं चादरींनी सोलवटलेली, त्यात पाना घसरून एक सालपट आणखी निघालं. पण स्पिंडल बाहेर आला. तळाशी असलेली पांढरी चकती तडकली होती, गळती तिथूनच होती, आणि दांडी जिथे येऊन थांबते ती खाच चेपून गेली होती. इतकी की एवढा जोर कुणी आणि कशाला लावला असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने तो तुकडा कागदात गुंडाळला आणि पुन्हा जिने उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

दुकानदार नट आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत टाकत बसला होता. त्याने स्पिंडल हातात घेतला, उलटसुलट केला आणि मागच्या खणातून तसाच एक काढून ठेवला.

"उजवा ना?"

"डावा. गरम पाण्याचा."

"मग हा चुकीचा बसवलाय. हा उजवा आहे." त्याने दुसऱ्या खणातून आणखी एक काढला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला. दोघांत काही फरक दिसत नव्हता. मग त्याने अंगठ्याने दाखवलं. एकाची खाच या बाजूला, दुसऱ्याची त्या बाजूला. आरशात बघितल्यासारखे. "उजवा डावीकडे लावला की उलटा चालतो. आमच्याकडे रोज कुणीतरी येतं ही भानगड घेऊन. कुठला देऊ?"

मोठी त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिली. म्हणजे त्या नळाला खोड नव्हती. धाकट्याने प्रेमाने, उत्साहाने चुकीचा तुकडा बसवला होता, आणि सगळ्या घराने ती चूक तोंडपाठ करून टाकली होती. फक्त एका बाईचे हात बरोबर चालत राहिले होते, आणि तिलाच सगळ्यांनी मिळून बाद ठरवलं होतं.

 पण खरं सांगायचं तर तिला वाटलं तो नुसता पश्चात्ताप नव्हता. तिला उद्याची संध्याकाळ दिसत होती. उद्यापासून लाँड्रीतून थेट घरी जायचं, पाय वर करून पडायचं, मुलीशी दोन शब्द बोलायचे, नवऱ्याने केलेला चहा गरम असताना प्यायचा. ही संध्याकाळ तिने मनातल्या मनात इतक्यांदा घालवली होती की ती आता तिच्या मालकीची झाली होती. आणि हा माणूस दोन पितळी तुकडे ठेवून ती परत मागत होता. उजवा घेतला असता तर नळ गळायचा थांबला असता, आईची इच्छा पुरी झाली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं. एवढा स्वच्छ विचार तिला कितीतरी दिवसांत सुचला नव्हता, आणि त्याची तिला लाजही वाटली.

"डावा द्या," ती म्हणाली. पण जिना चढताना तिने ठरवून टाकलं की नळ नीट बसवायचा आणि गप्प राहायचं. नीट नळ ठेवून आई जाईल. बॅग भरून झालीय. आई स्वतः तयार आहे. कशाला पुन्हा सगळं उकरून काढायचं?

आई ओट्यापाशीच बॅटरी घेऊन उभी होती, जणू मोठी दुकानात गेलीच नव्हती. मोठीने नवा स्पिंडल आत सरकवला. रबरी वॉशर दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. नट आधी हाताने फिरवला, मग पान्याने आवळला. काम करता करता, विचारायचं नव्हतं तरी, तिच्या तोंडून निघून गेलं.

"आई, तू ही दांडी इतक्या जोराने का ढकलायचीस? आतली खाच चेपून गेली होती."

 मोठीला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा विचारणार तेवढ्यात आई म्हणाली, "तू म्हणायचीस ना, उघडा राहतो. म्हणून मग मी जोराने बंद करायचे. दुपारी पडले की उठून पुन्हा येऊन बंद करायचे. चार-चारदा यायचे. आणि तू आलीस की म्हणायचीस, उघडाच आहे." बॅटरीचा उजेड अजूनही नटावरून हलला नव्हता. "मग मला वाटलं, हातच फिरले बहुतेक माझे. डोळे गेले, कान गेले, ते चालतं गं. पण हात आपलं ऐकत नाहीत म्हटल्यावर एकटीनं राहायचं कशाच्या जोरावर? म्हणून हो म्हटलं मी."

 मोठीने नट आणखी आवळला, गरजेपेक्षा जास्त. मग दांडी चढवली, स्क्रू बसवला, टोपी दाबली. लाल दोऱ्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून तो खिशात टाकला. खाली वाकून कॉक उघडला. नळ गळत नव्हता. थोडा वेळ ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली, कारण उठायचं म्हटलं तरी कंबर साथ देईना. आई बॅटरी विझवून बाहेर गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

मोठी उठली. हातांना काळं तेल आणि गंज लागला होता. साबण घेऊन तिने हात धुतले, पुन्हा धुतले, सोललेल्या बोटावर पाणी झोंबलं. डोक्यात उद्याचंच चाललं होतं. गाडी किती वाजता येईल, किल्ली कुणाकडे ठेवायची, आईच्या औषधांची पिशवी कुठल्या कप्प्यात गेली. हात पुसत ती बाहेरच्या खोलीत आली आणि त्याच डावीकडे न रेलायच्या खुर्चीत, डावीकडे न रेलता, बसली. डोळे मिटले.

आई तिच्यासमोरून स्वयंपाकघरात गेली. काही घ्यायला गेली असेल. मग दोन छोटे आवाज आले, टक, टक, एकामागोमाग एक. दोन दांड्या मागे जाऊन थांबल्याचे.

मोठीने डोळे उघडले. तिने आत्ताच हात धुतले होते. आणि हात धुतल्यावर, गेले कित्येक महिने पाठ केल्याप्रमाणे, उजवी दांडी मागे ढकलली होती आणि डावी पुढे ओढली होती. स्वतःच्या हाताने नीट बसवलेला नळ तिने स्वतःच्या हाताने उघडा टाकला होता. बारीक धार, बिनआवाज, आणि ती तशीच हात पुसत निघून आली होती.

आई भिंतीला हात लावत परत आली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, जिंकल्याचा आनंदही नव्हता. तिला जिंकण्यासारखं काही घडल्याचं ठाऊकच नव्हतं.

"नळ राहिला होता तुझा," ती म्हणाली. "असू दे. दमलं की होतं असं."

एवढंच बोलून ती पलंगावर बसली आणि उरलेली साडी मांडीवर घेऊन तिची घडी घालू लागली.

मोठी रडली नाही. रडायलाही अंगात जोर लागतो. पण इतके महिने हे एक वाक्य या घरात कुणालाच सुचलं नव्हतं. ना तिला, ना धाकट्याला, ना खालच्या बाईला. आणि ज्या बाईला ते कुणीच म्हणालं नव्हतं, तिनेच ते इतक्या सहज म्हटलं होतं. मोठीला स्वतःची इतकी चीड आली की तिच्या हातातला टॉवेल तिने उगाच दोनदा झटकला, चादर झटकावी तसा.

मग तिने फोन काढून भावाला लावला. तो दुकानातल्या गर्दीत होता, उद्यासाठी आईला नवी चप्पल घेत होता. गाडी सकाळीच आणतो म्हणाला. तिने त्याला नळाचं सांगितलं. उजवा-डावा सांगितलं, खाचा सांगितल्या, चार-चारदा उठून येणं सांगितलं. आपण आत्ता काय केलं तेही सांगितलं.  तो म्हणाला की त्याने मुद्दाम तसाच तुकडा मागून आणला होता, अगदी तस्सा. ती म्हणाली, हो, माहीत आहे.

"मग उद्याचं काय करायचं?" त्याने विचारलं.

"उद्या ये. जेवायला ये. पण तिला न्यायचं नाही."

"ताई, पण तुला झेपेल का? रोज तूच जातेस."

याचं उत्तर ती आजवर नेहमी एकच द्यायची. झेपतं रे, तू काळजी करू नकोस. ते तोंडावर आलंसुद्धा. पलंगावर आई साडीच्या काठाला काठ जुळवत होती, न बघता, बोटांनीच. काठ तंतोतंत जुळले होते.

"नाही झेपत," मोठी म्हणाली. "कधीपासून झेपत नाहीये. पण दमले होते मी, आणि पाठवायला निघालो होतो आपण तिला."

 मग भाऊ घसा साफ करून म्हणाला, बुधवार आणि शनिवार तो कामावरून थेट येत जाईल, चालेल का. चालेल, ती म्हणाली. चप्पल मात्र घेऊन ये, तिची झिजलीय.